मारामारीच्या सिनेमातली साधना

किंग हू यांच्या ‘अ टच ऑफ झेन’मध्ये एक सकाळ आहे. आदल्या रात्री एका ओसाड गढीत मोठी कत्तल झालेली असते. तिची आखणी करणाऱ्या गू शंगझायने आयुष्यात कधी तलवार धरलेली नाही. बाजारात बसून लोकांची चित्रं काढायची, त्यांची पत्रं लिहून द्यायची आणि सरकारी परीक्षेला बसत नाही म्हणून घरी आईची बोलणी खायची, असा हा तिशी ओलांडलेला गरीब पंडित. गढी झपाटलेली आहे ही अफवा त्यानेच पिकवली. बाहुल्या उभ्या केल्या, सापळे लावले आणि चालून आलेल्या सैनिकांना अंधारात भुलवून मारण्याची सगळी व्यवस्था केली. उजाडल्यावर तो आपली करामत बघत गढीभर फिरतो आणि स्वतःच्याच हुशारीवर खदाखदा हसत सुटतो. हसत हसत पुढे येतो तर समोर प्रेतं. आधी एखाददुसरं, मग जिकडे बघावं तिकडे. त्याचं हसू हळूहळू तोंडातच विरतं.

तीन तासांच्या या सिनेमात पहिली खरी झटापट व्हायला जवळजवळ तासभर जातो. मग मात्र सगळं चढत जातं. बांबूच्या बनातली ती गाजलेली लढाई येते, गढीतली रात्र येते आणि आपण टाळ्या वाजवायच्या बेतात असताना दिग्दर्शक आपल्याला त्या प्रेतांसमोर उभं करतो. गूची बाजू न्यायाचीच होती. त्याने जिला वाचवलं त्या यांगच्या वडिलांना दरबारातल्या सत्ताधारी खोज्याने हालहाल करून मारलेलं होतं. तरी प्रेतं ती प्रेतंच. भिक्षू येऊन मेलेल्यांना मूठमाती देतात, यांग न सांगता निघून गेलेली असते, आणि सूडाच्या वाटेवरून निघालेली गोष्ट इथून एका मठाच्या दिशेने चालू लागते.

अशी वळणं घेणाऱ्या सिनेमांबद्दल हे पुस्तक आहे. त्यांत मारामारी आहे, भरपूर आहे आणि ती बघायला मजाही येते, हे आधीच कबूल केलेलं बरं. पण या मारामारीतून माणूस स्वतःपर्यंत पोचतो, निदान पोचायची धडपड करतो.

मराठी प्रेक्षकाच्या मनात या सिनेमांच्या दोन वेगळ्या रांगा लागलेल्या आहेत. कुरोसावा म्हटलं की ‘राशोमोन’ आणि ‘इकिरू’, म्हणजे फिल्म सोसायटी, चर्चा आणि नियतकालिकातला लेख. कुंगफू म्हटलं की मॅटिनी शो, शिट्ट्या आणि घरी आल्यावर गादीवर मारलेल्या लाथा. दुसऱ्या रांगेतल्या सिनेमांवर मराठीत गंभीरपणे फार थोडं लिहिलं गेलं, याची मला मनापासून खंत वाटते. कारण पहिल्या रांगेत ज्या प्रश्नांची चर्चा होते त्यातले कितीतरी प्रश्न दुसऱ्या रांगेतही आहेत. फक्त तिथे ते बोलून दाखवत नाहीत.

बोलून दाखवत नाहीत, हेच त्यांचं बळ. कादंबरीला पात्राच्या मनात शिरता येतं, नाटकाला स्वगत आहे. कॅमेऱ्याला मात्र दिसतं ते शरीर. पाऊल कसं पडतं, खांदा कुठे आखडतो, वार करण्याआधी श्वास कसा घेतला जातो, एवढंच त्याला टिपता येतं. मग आतला बदल दाखवायचा कसा? डोळे मिटून बसलेला साधक पडद्यावर दाखवला तर त्याच्या आत काय चाललंय हे कळायला मार्ग नाही. तो झोपलेलाही असू शकतो. लढणारा माणूस मात्र लपू शकत नाही. त्याचा राग, त्याची भीती, त्याचा गर्व हातापायांतून बाहेर येतो. म्हणून असा सिनेमा बघताना मी एकच गोष्ट शोधतो: आतून बदललेला माणूस नंतर वेगळ्या तऱ्हेने लढतो का? लढत नसेल, तर त्याच्या तोंडी घातलेलं तत्त्वज्ञान कितीही उंची असलं तरी ते वरून लावलेलं आहे असं समजावं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गीता रणांगणावर सांगितली गेली, ही गोष्ट आपल्याला इतकी पाठ आहे की त्यातलं नवल कुणाला जाणवत नाही. तुकोबांनीही मनाशी चाललेल्या झगड्याला युद्धच म्हटलं. पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. वाल्याचा वाल्मीकी होतो तेव्हा तो कुऱ्हाड टाकून देतो आणि नामाला लागतो. या सिनेमांतल्या माणसाची सोडवणूक तितकी सोपी नसते. ज्या कौशल्याने तो बिघडला त्याच कौशल्यातून त्याला पुढे जायचं असतं.

कुरोसावांचा पहिलाच सिनेमा, १९४३चा ‘सुगाता सान्शिरो’, या वाटेचा पाया घालतो. ज्युदोची परंपरा ज्यांनी सुरू केली त्या जिगोरो कानो यांच्यावरून बेतलेले यानो गुरुजी त्यात आहेत. कानोंनी १८८२मध्ये कोदोकान ही शाळा काढली, आणि ज्यांच्या कादंबरीवर हा सिनेमा आहे त्या त्सुनेओ तोमिता यांचे वडील कानोंच्या अगदी सुरुवातीच्या शिष्यांपैकी. सान्शिरो हा अंगात रग असलेला पोरगा. नदीकाठी यानो गुरुजी एकेका हल्लेखोराला पाण्यात फेकताना तो बघतो आणि तिथल्या तिथे त्यांचा होतो. रिक्षावाला पळून गेलेला असतो, म्हणून गुरुजींची रिक्षा ओढायला हाच पुढे होतो. पायातल्या लाकडी खडावा अडचणीच्या, त्या काढून टाकतो. मग कॅमेरा त्या टाकलेल्या खडावेपाशीच थांबतो. ती रस्त्यात पडलेली, पावसात भिजलेली, कुत्र्याचं पिल्लू तिच्याशी खेळतंय, तिच्यावर बर्फ साचलंय, शेवटी ती नदीतून वाहत चाललीय. वर्षं गेली, हे सांगायला कुरोसावांना एक अक्षरही लागत नाही. आणि लगेच पुढच्या प्रसंगात कळतं की सान्शिरो ज्युदोत तयार झालाय खरा, पण माणूस म्हणून होता तिथेच आहे: उत्सवाच्या गर्दीत तो दिसेल त्याला उचलून आपटतोय.

गुरुजी रागावतात. तुमच्यासाठी जीव देईन, असं सान्शिरो म्हणतो. मग दे, असं गुरुजी म्हणतात. तो उठतो आणि मागच्या तळ्यात उडी घेतो. रात्रभर थंड पाण्यात एका खुंटाला धरून राहतो. हट्टाने बाहेर येत नाही आणि भीतीने खुंटही सोडत नाही. मठातले वयस्क भिक्षू येऊन त्याची फिरकी घेतात. शेवटी केव्हातरी शेजारचं कमळ त्याला दिसतं आणि तो धडपडत पाण्याबाहेर येऊन गुरुजींना हाका मारू लागतो.

हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला मात्र त्यानंतरचा जास्त महत्त्वाचा वाटतो. कमळ पाहिल्यानंतर सान्शिरोची पहिली मोठी कुस्ती होते, आणि त्यात त्याने फेकलेला प्रतिस्पर्धी भिंतीवर आदळून मरतो. मेलेल्याची मुलगी सान्शिरोकडे ज्या नजरेने बघते ती विसरता येत नाही. म्हणजे साक्षात्कार झाला, आणि हातून माणूसही गेला. पुढची लढत आणखी अवघड. समोर म्हातारे होत चाललेले मुराई, आणि देवळाच्या पायऱ्यांवर आपल्या बापाच्या विजयासाठी हात जोडून बसलेली त्यांची मुलगी सान्शिरोने पाहिलेली. तो लढायचं टाळत नाही, मुद्दाम हरतही नाही. पूर्ण ताकदीने फेकतो, मुराई पुन्हा उठतात, तो पुन्हा फेकतो. पण त्याच्या चेहऱ्यावर उत्सवातली ती मस्ती राहिलेली नसते. पहिल्या सिनेमाच्या दिग्दर्शकाने, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी आणि युद्धकाळातल्या सेन्सॉरच्या नजरेखाली हे करून दाखवलं.

लाउ कार-ल्युंग यांचा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ हा १९७८चा सिनेमा वेगळ्या जातीचा. शॉ ब्रदर्स ही हाँगकाँगची मोठी कंपनी, आणि तिचे सिनेमे धडाधड निघायचे. त्यांतलाच हा एक, पण त्याचा मधला भलामोठा भाग निव्वळ शिकण्याचा आहे. मांचू अधिकाऱ्यांनी घरच्यांना आणि सोबत्यांना मारल्यावर सूड घ्यायचा म्हणून एक तरुण शाओलिन मठात येतो. गॉर्डन लिउ यांनी रंगवलेला हा तरुण पुढे सान ते नावाचा भिक्षू होतो. मठात पस्तीस दालनं. याला घाई, म्हणून तो थेट सगळ्यात वरचं दालन मागतो. तिथे वृद्ध भिक्षू सूत्रपठण करत बसलेले असतात. त्याला एक शब्द कळत नाही आणि क्षणात तो बाहेर फेकला जातो. मग मुकाट्याने तळापासून सुरुवात.

तळाचं दालन म्हणजे भोजनगृहाची वाट. मध्ये पाणी, पाण्यावर तरंगणारी लाकडाची मोळी, आणि तिच्यावर पाय देऊन पलीकडे उडी मारायची. जमलं तर जेवायचं. सान ते पडतो, भिजतो, पुन्हा पडतो. इतर भिक्षू गप्पा मारत सहज पार होतात. पुढे पाण्याच्या बादल्या हात ताठ ठेवून वाहायच्या. दंडांना पाती बांधलेली, हात जरा खाली आला की पातं बरगडीत रुततं. आणखी पुढे जड घंटेसाठी मनगट, हलत्या ज्योतीसाठी डोळे, लटकत्या वाळूच्या पोत्यांसाठी डोकं. एकेका अवयवाची अशी वेगळी तालीम चालते.

कोल्हापूरकडच्या तालमीत वाढलेल्या माणसाला हे बघताना ओळखीचं वाटेल. तिथेही नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी डाव शिकवत नाही. आधी तांबडी माती खणायची, ती मळायची, जोर-बैठका काढायच्या. डाव मागायचा नसतो, वस्तादाला वाटेल तेव्हा तो मिळतो. लाउ कार-ल्युंग यांना ही शिस्त पुस्तकातून कळलेली नव्हती. त्यांचे वडील लाउ चाम हे लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे प्रख्यात कुंगफू गुरू वाँग फेइ-हुंग यांचे. पडद्यावर जे दिसतं ते त्यांनी घरात बापाच्या हाताखाली घाम गाळून मिळवलेलं होतं.

आणि या सिनेमातला खरा बदल कुठे आहे? कसरतींच्या भरात तो नजरेतून सुटू शकतो. पस्तीस दालनं पार केल्यावर सान तेला कुठल्याही दालनाचं प्रमुखपद घे असं सांगण्यात येतं. तो छत्तिसावं दालन मागतो, सर्वसामान्य लोकांना शिकवण्याचं, मठाच्या भिंतीबाहेरचं. सूडासाठी आलेला पोरगा आता आपली विद्या स्वतःजवळ ठेवायला तयार नाही. मठाधिपती वरकरणी त्याला शिक्षा म्हणून बाहेर काढतात आणि तीच त्याला वाट मोकळी करून देते. यानंतर तो सूडही घेतोच, हे मला अजून खटकतं. शॉ ब्रदर्सच्या प्रेक्षकाला खलनायक मेलेला पाहायचाच होता, असं म्हणून मी हा मुद्दा सोडून देत नाही. पुढच्या एका लेखात त्याच्याशी नीट भांडलो आहे.

या संदर्भात ब्रूस ली यांच्या एका न झालेल्या सिनेमाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती थेट भारताशी जोडलेली आहे. ली यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. १९७०मध्ये पाठीला जबर दुखापत होऊन ते अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी जे वाचलं त्यात जे. कृष्णमूर्तीही होते. अभिनेते जेम्स कोबर्न आणि पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट यांच्याबरोबर त्यांनी ‘द सायलेंट फ्लूट’ या सिनेमाची कल्पना रचली होती. एक लढवय्या एका ग्रंथाच्या शोधात निघतो, वाटेत एकेक परीक्षा देतो, अशी ती कथा. वॉर्नर ब्रदर्सचे पैसे भारतात रुपयांत अडकून पडलेले होते आणि ते देशाबाहेर नेता येत नव्हते, म्हणून सिनेमा इथेच करायचा ठरलं. १९७१च्या सुरुवातीला हे तिघे जागा शोधत भारतात फिरले. काही जमलं नाही. १९७३मध्ये ली गेले. तीच कथा पुढे ‘सर्कल ऑफ आयर्न’ नावाने इस्राएलमध्ये चित्रित झाली, ली यांनी स्वतःसाठी ठेवलेल्या भूमिका डेव्हिड कॅराडीन यांनी केल्या, आणि सिनेमा अगदीच सामान्य झाला. तरी त्याची मध्यकल्पना जोरकस आहे. अखेर तो ग्रंथ हाती येतो, आणि पानं उलटावीत तर प्रत्येक पानावर आरसा. ही कल्पना का उतरली नाही? कारण कॅराडीन यांच्या लढायांतून काहीच कळत नाही. पहिली लढाई आणि शेवटची लढाई यांची अदलाबदल केली तरी कथेला धक्का लागणार नाही.

उलट जेट ली यांच्या २००६च्या ‘फिअरलेस’मध्ये सगळं साधं, कधीकधी भाबडंही आहे, आणि तरी एक प्रसंग मनात घर करून राहतो. हुओ युआनजिया हा खराखुरा पहिलवान. १९१०मध्ये शांघायला चिंग वू ही संस्था त्यांच्या नावाने उभी राहिली. सिनेमातला हुओ गर्वापायी एकाचा जीव घेतो, बदल्यात त्याची आई आणि मुलगी मारली जाते, आणि तो भटकत दूरच्या एका खेड्यात पोचतो. तिथे भाताची लावणी चाललेली. तो शर्यत लागल्यासारखा भराभरा रोपं खुपसत सुटतो, सगळी दाटीवाटीने. एक आंधळी मुलगी ती पुन्हा नीट लावते. लावणी चालू असताना वाऱ्याची झुळूक आली की सगळे गावकरी हातातलं काम थांबवून नुसते उभे राहतात. हुओला आधी कळतच नाही की हे करतायत काय. मग एक दिवस तोही थांबतो. पुढे तो आखाड्यात परत येतो तेव्हा त्याच्या हालचालींत ही उसंत आलेली असते.

या वाटेला एक अंधारी बाजू आहे आणि ती टाळून हे पुस्तक लिहिणं अप्रामाणिक झालं असतं. ‘आत्मशोध’ आणि ‘तलवार’ हे दोन शब्द शेजारी आले की तलवारीला पावित्र्य मिळतं, आणि राज्यकर्त्यांना ते हवंच असतं. कुरोसावांनाच १९४५मध्ये ‘सुगाता सान्शिरो’चा दुसरा भाग करावा लागला आणि त्यात नायकाची गाठ एका अमेरिकी बॉक्सरशी घालण्यात आली. तो भाग आज बघवत नाही. याला सगळ्यात कडक उत्तर जपानी सिनेमानेच दिलं: किहाची ओकामोतो यांचा १९६६चा ‘द सोर्ड ऑफ डूम’. तात्सुया नाकादाई यांनी रंगवलेला र्‍युनोसुके तलवारीत अजोड आहे. सुरुवातीलाच एका घाटमाथ्यावर तो प्रार्थना करत असलेल्या एका म्हाताऱ्या यात्रेकरूला विनाकारण कापून टाकतो. त्याच्याकडे एकाग्रता आहे, स्थिरता आहे, मृत्यूची भीती नाही. साधकाची म्हणून जी लक्षणं सांगतात ती बरीचशी त्याच्यात आहेत आणि आत नुसता काळोख आहे. अखेरीस त्याने मारलेल्यांची भुतं त्याला घेरतात, तो सावल्यांवर वार करत सुटतो, आणि लढाई संपायच्या आतच चित्र गोठतं. ज्यांना हे सगळे सिनेमे अध्यात्माच्या नावाखाली हिंसा विकतात असं वाटतं, त्यांनी हा जरूर पाहावा.

शाओलिनबद्दलही थोडं सावध राहायला हवं. हा मठ ४९५मध्ये एका भारतीय भिक्षूसाठी उभारला गेला अशी नोंद आहे. पण बोधिधर्माने तिथे युद्धकला शिकवली ही कथा फार उशिराची. ज्या ग्रंथाच्या आधारे ती सांगतात तो १७व्या शतकातला आहे. कुंगफू मुळात आपलंच, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. खरा भारतीय धागा शोधायचा असेल तर तो किंग हू यांच्याच १९७९च्या ‘रेनिंग इन द माउंटन’मध्ये आहे. एका मठात ह्युएन त्सांगच्या हातचं सूत्र जपून ठेवलेलं असतं आणि ते पळवायला एक सरदार आणि एक धनिक आपापले चोर घेऊन येतात. हा तोच ह्युएन त्सांग, जो ७व्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या लोकांच्या मानी स्वभावाबद्दल लिहून गेला. सिनेमाभर त्या गुंडाळीमागे धावाधाव चालते. शेवटी मठाधिपतीच्या गादीवर बसतो तो एक पूर्वीचा कैदी, आणि तो सगळ्यांच्या देखत ती मूळ प्रत जाळून टाकतो. मजकुराच्या नकला आधीच करून ठेवलेल्या असतात.

किंग हू स्वतः लढवय्ये नव्हते. त्यांच्या लढाया पेकिंग ऑपेरातून, तालवाद्याच्या ठेक्यातून आणि कात्रीच्या कामातून जन्मल्या. म्हणूनच ‘अ टच ऑफ झेन’च्या अखेरीस ते जे करतात ते दुसऱ्या कुणाला पेललं नसतं. वृद्ध भिक्षू हुई युआनला दगा होतो, त्याच्या अंगात सुरा घुसतो आणि जखमेतून सोनेरी रक्त वाहतं. कथेचे धागे इथे सुटतात, रंग उलटेसुलटे होतात, आणि भिक्षू सूर्याच्या बिंबासमोर जाऊन बसतो. १९७५मध्ये कान महोत्सवात या सिनेमाला तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं. ‘तांत्रिक’ या सदरात तो बसवला गेला याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पुस्तकातले लेख काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर’पासून सुरुवात करावी, तो लहान मुलांबरोबरही बघता येतो. ‘सुगाता सान्शिरो’तली काही मिनिटं १९४४च्या काटछाटीत गेली, त्यांच्या जागी मजकुराच्या पाट्या येतात, त्याने बिचकू नये. ‘अ टच ऑफ झेन’ शक्यतो एका बैठकीत आणि मूळ मँडरिन आवाजातच पाहावा.

‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो आधीच्या साऱ्या लेखांना आव्हान देतो. आंग ली यांच्या या २०००च्या सिनेमात ली मू बाय ध्यान अर्धवट सोडून डोंगरावरून खाली येतो. आत खोल शांतता लाभली होती, पण आनंद झाला नाही, दुःखच दाटून आलं, असं तो सांगतो. शेवटी विष अंगात भिनलेलं असताना त्याच्याकडे एकच श्वास उरतो. तो मुक्तीसाठी वापर, असं त्याच्यावर आयुष्यभर मुक्याने प्रेम केलेली शू लियन त्याला विनवते. तो श्वास तो प्रेम कबूल करण्यात खर्च करतो. ही त्याची हार, असं मानणारे माझे मित्र आहेत. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे त्या लेखात मी सविस्तर मांडलं आहे.